रक्ताचे अंदाजपत्रक

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाला एक विद्या न शिकताच अवगत होते; ती म्हणजे मुदतीचा अंदाज बांधण्याची. या गावी आपण आणखी किती दिवस, हा प्रश्न त्याने कोणाला विचारलेला नसला, तरी त्याच्या घरातील प्रत्येक वस्तू त्याचे उत्तर देत असते. मागल्या बदलीची खोकी फेकून न देता माळ्यावर रचलेली असतात. पडदे असे शिवलेले असतात, की पुढल्या क्वार्टरच्या खिडक्या लहान-मोठ्या निघाल्या तरी निभावून जावे. तुळस कुंडीतच राहते. आणि बदलीचा हुकूम हाती पडण्यापूर्वी महिना-दीड महिना त्याची चाहूल कोठून ना कोठून लागतेच. आस्थापना शाखेतला कारकून चहाच्या वेळी नजर चुकवू लागतो. एरवी खेकसणारे साहेब एकाएकी मुलाबाळांची चौकशी करू लागतात. अशा खुणांवरून हुकूम वाचण्यात आम्हां बाहेरगावच्या मराठी अधिकाऱ्यांचा हात धरणारा क्वचितच आढळेल.

शरीराच्या कारभारातही अशा खुणा असतात, आणि त्या पुष्कळदा रक्तात उमटतात. कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तातील काही द्रव्ये मोजावयाची आणि त्यावरून त्याच्या पुढील आयुष्याचा अंदाज बांधावयाचा, हे शास्त्र गेल्या काही दशकांत बरेच पुढे गेले आहे. आम्ही ते हौसेने शिकलो नाही. दिल्लीतील आमच्या वसाहतीत आमच्याच जिन्यावर राहणारे आमचे स्नेही नाना यांच्यामुळे ते आमच्या वाट्याला आले. नानांची हकीकत सांगावयाची, तर आधी त्या खुणांविषयी चार शब्द सांगणे भाग आहे.

खुणांचा शोध तसा जुना आहे. १८४५ साली लंडनमधील एका व्यापाऱ्याला हाडे दुखण्याचा असाध्य विकार जडला होता. त्याच्या लघवीत एक चमत्कारिक पदार्थ सापडला. उकळले की तो विरघळून नाहीसा होई आणि निवले की पुन्हा साका धरी. तो नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टराकडे पाठविण्यात आला आणि त्याने पुढे १८४७-४८ साली त्यावर लिहिले. हाडांच्या मज्जेत वाढणाऱ्या कर्करोगाची, म्हणजे आज ज्याला मल्टिपल मायलोमा म्हणतात त्याची, ती खूण होती. कर्करोगाने शरीराच्या द्रवांत सोडलेली ही पहिली ओळखीची निशाणी असे मानले जाते. मग शंभराहून अधिक वर्षे लोटली. १९६३ साली मॉस्कोत आबेलेव यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात गर्भावस्थेतील एक प्रथिन सापडले. १९६५ साली माँट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगातील तसेच एक द्रव्य शोधून काढले. मोठ्या झालेल्या माणसाच्या देहात, ज्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे असे बालपणीचे काहीतरी पुन्हा तयार होऊ लागावे, हा त्या खुणांचा अर्थ होता.

या झाल्या रोगाने स्वतः सोडलेल्या खुणा. दुसऱ्या जातीच्या खुणा याहून अधिक विचार करावयास लावतात. कारण त्या रोगाच्या नसतात, रोगाला शरीराने दिलेल्या उत्तराच्या असतात. यकृत एरवी अल्ब्युमिन नावाचे प्रथिन नेमाने तयार करीत असते. देहात कोठे दाह पेटला की ते आपले नित्याचे काम आवरते घेऊन सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन नावाचे दुसरेच प्रथिन काढू लागते; जणू दुष्काळ पडला की जिल्हाधिकाऱ्याने नेहमीच्या फायली बाजूस सारून छावण्यांमागे लागावे. हे एक चढते आणि ते एक उतरते, एवढ्यावरून रोग्याचे भवितव्य अजमावण्याची एक रीत ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ साली मांडली. साध्या रक्ततपासणीतील पांढऱ्या पेशींचेही तसेच. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन जातींचे परस्परांशी असलेले प्रमाण जितके वाढलेले, तितके आयुर्मान कमी, असे २०१४ साली शंभर अभ्यास आणि चाळीस हजारांहून अधिक रोगी एकत्र घेऊन दाखविण्यात आले. म्हणजे कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेतून येणाऱ्या, आपण घडी घालून विसरून जातो त्या कागदावरही, वाचणाऱ्याला दिसेल असे काहीतरी लिहिलेले असते.

आता नाना. लेखापरीक्षा खात्यात त्यांनी छत्तीस वर्षे काढली. दुसऱ्याच्या हिशेबावर विश्वास ठेवावयाचा नाही, हाच त्यांचा व्यवसाय. आणि स्वतःच्या हिशेबावरही फारसा ठेवावयाचा नाही, हा त्यांचा स्वभाव. २०१८ च्या जानेवारीअखेर ते साठाव्या वर्षी निवृत्त व्हावयाचे होते. २०१७ च्या दसऱ्यापासून त्यांची पाठ धरली. थंडी, खुर्ची, वय अशी सर्व नेहमीची कारणे देऊन झाली. शेवटी तपासण्या झाल्या आणि मायलोमा निघाला. गावाकडून फोनवर फोन आले. मराठी माणसाला कोठेही हा रोग झाला, की त्याचे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो, ‘टाटाला दाखवलंत का?’ हाच. १९४१ साली परळला उघडलेले ते इस्पितळ आमच्या मनात काशी-पंढरपूरच्या पंक्तीला जाऊन बसले आहे. नाना परळलाही जाऊन आले. दोन्ही ठिकाणचे निदान एकच निघाले आणि उपचारही एकच सांगितले गेले, तेव्हा ते दिल्लीतच घ्यावेत असे ठरले.

कागदपत्रांच्या गठ्ठ्यात एका कोपऱ्यावर डॉक्टरांनी रोमन लिपीत तीनचा आकडा घातला होता. नानांची नजर नेमकी तेथे गेली. असा तुटक शेरा पाहिला, की तो कोणत्या नियमाखाली मारला, हे शोधून काढल्यावाचून लेखापरीक्षकाला झोप कशी यावी? बंगळुरास असलेल्या मुलीकडून त्यांनी तो मूळ निबंध मागवून घेतला. २००५ साली प्रसिद्ध झालेला, १०,७५० रोग्यांचा. रक्तातील दोनच द्रव्ये मोजावयाची: अल्ब्युमिन आणि बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन. दुसरे द्रव्य पेशींच्या पृष्ठभागावर असते, तेथून रक्तात झडते आणि मूत्रपिंडावाटे निकालात निघते. रोगाचा पसारा वाढला की ते साचते, आणि मूत्रपिंड थकले तरी साचते. त्यांच्या मापांवरून रोग्यांचे तीन वर्ग पाडलेले होते. पहिल्या वर्गाच्या आयुर्मानाचा मध्यक ६२ महिने, दुसऱ्याचा ४४, तिसऱ्याचा २९. बीटा-टू साडेपाचाच्या वर गेले, की माणूस तिसऱ्या वर्गात. नानांचे सहाच्या वर होते.

त्या संध्याकाळी नाना आमच्याकडे आले आणि निबंध आमच्यापुढे टाकून म्हणाले, “बघा. एकोणतीस महिने. हुकूमच आहे.”

आम्ही सांख्यिकी विभागात काढलेल्या वर्षांचा आम्हांला आयुष्यात एकदाच काय तो उपयोग झाला असेल, तर तो त्या संध्याकाळी. मध्यक म्हणजे मुदत नव्हे. शंभर अधिकारी एका ठिकाणी नेमले आणि त्यांतील पन्नासांची बदली तीन वर्षांच्या आत झाली, तर तीन वर्षे हा मध्यक. परंतु उरलेल्या पन्नासांतले कोणी चार वर्षे राहतात, कोणी दहा, आणि एखादा तर तेथेच घर बांधून तिथल्या लोकांना आपलाच वाटू लागतो. मध्यकाच्या अलीकडे जागा थोडी असते, कारण शून्याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही; पलीकडे मात्र वाट लांबवर जाते. आम्ही नानांना स्टीफन जे गूल्ड यांची गोष्ट सांगितली. या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला १९८२ साली पोटाच्या अस्तराचा दुर्मीळ कर्करोग झाला. ग्रंथालयात जाऊन त्याने वाचले, तर निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने होता. त्याने प्रथम धक्का पचविला आणि मग त्या आकड्याच्या उजव्या बाजूचा विचार केला. पुढे १९८५ साली त्यावर त्याने एक निबंधही लिहिला. तो आणखी वीस वर्षे जगला आणि २००२ साली वारला, तो दुसऱ्याच कर्करोगाने.

नानांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “अहो, पण तो उजवीकडचा निघाला म्हणून त्याने निबंध लिहिला. डावीकडच्या पन्नासांचे निबंध कोठे आहेत?”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मात्र एक गोष्ट आम्ही त्यांच्या निदर्शनास आणली, आणि ती त्यांना त्यांच्या व्यवसायामुळे चटकन पटली. ते १०,७५० रोगी ज्या काळात तपासले गेले, त्या काळात नवी औषधे सर्रास मिळत नव्हती. बोर्टेझोमिबला अमेरिकेत परवानगी मिळाली तीच मुळी २००३ साली. २०१५ साली याच वर्गवारीची सुधारित आवृत्ती निघाली. तीत आणखी एका रक्तद्रव्याची आणि गुणसूत्रांतील दोषांची भर घातली होती. त्या सुधारित वर्गवारीतील सर्वांत वाईट वर्गातही शंभरांपैकी सुमारे चाळीस रोगी पाच वर्षांनी हयात होते. जुन्या वर्षाच्या दराने नव्या वर्षाचे बिल तपासावयाचे नसते, हे नानांना आम्ही काय सांगावे? त्यांनी निबंधाच्या समासात पेन्सिलीने ‘दर जुने’ असा शेरा मारला आणि कागद घरी नेला.

खरा पेच पुढेच होता, आणि तो आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या ओळखीच्या कागदाने आणला. निवृत्त होणाऱ्या केंद्र सरकारच्या नोकराला आपल्या मूळ निवृत्तिवेतनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. मराठीत त्याला अंशराशीकरण असे भारदस्त नाव असले, तरी कचेरीत सगळे कम्यूटेशनच म्हणतात. त्यासाठी सरकारचा एक तक्ता असतो. पुढल्या वाढदिवशी एकसष्टी लागणार असेल तर गुणक ८.१९४, म्हणजे दरमहा शंभर रुपये सोडले, तर हाती ९,८३३ रुपये. व्याज सोडून दिले, तर ही अठ्ठ्याण्णव महिन्यांची बेगमी झाली. कापलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो, पाठीमागे राहणाऱ्या पत्नीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनास त्याची झळ लागत नाही आणि निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणीही लागत नाही. सरकार नानांना अठ्ठ्याण्णव महिन्यांचे पैसे द्यावयास तयार होते; रक्त एकोणतीस म्हणत होते. शाळकरी मुलानेही सांगितले असते, की पूर्ण चाळीस टक्के विकावे आणि माईंच्या नावे ठेवावे.

माईंनी त्या अर्जाला हात लावू दिला नाही. एरवी नानांच्या कोणत्याही कागदात न डोकावणाऱ्या त्या बाईंनी तो उचलून देवघरातल्या पोथ्यांखाली ठेवला आणि आम्हांला म्हणाल्या, “भावोजी, हा अर्ज भरला म्हणजे यांनी त्या आकड्यावर सही केली. मला पैसे नकोत.” इकडे नानांच्या मनात वेगळीच टोचणी होती. आपल्या रक्तातले सरकारला ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा त्या माहितीच्या बळावर पैसे उचलणे हे नियमात बसत असले, तरी औचित्याला धरून आहे काय? दुसऱ्याच्या प्रवासभत्त्यातले साडेसात रुपये ज्याने छत्तीस वर्षे सोडले नाहीत, त्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. तीन आठवडे तो कागद पोथ्यांखाली राहिला. त्या काळात नाना दर मंगळवारी इंजेक्शन घेऊन येत आणि जिन्यात आमच्याकडे थांबून पाणी पीत. अर्जाचे नाव मात्र कोणीही काढत नसे.

टोचणीचा निकाल नानांनी स्वतःच लावला. सरकारचा तक्ता सरसकट सर्वांसाठी आहे, त्यात लवकर जाणारेही धरलेले आहेत आणि नव्वदी गाठणारेही. एकाने कमी भरले ते दुसरा भरतो, आणि म्हणूनच तो तक्ता चालतो. आपण आपल्या जागी बसलो, एवढेच. माईंचा प्रश्न यापेक्षा कठीण होता. त्याचे उत्तर नानांनी युक्तिवादाने दिले नाही. एका रविवारी त्यांनी पूर्ण चाळीस टक्क्यांच्या अर्जावर सही केली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मंडळाच्या ग्रंथालयात जाऊन पाच हजार रुपये भरून आजीव सभासदत्व घेतले. वार्षिक वर्गणी तीनशे. म्हणजे सोळा वर्षांहून अधिक जगले तरच हा व्यवहार फायद्याचा. चिटणिसांना त्यांचे दुखणे ठाऊक होते. ते पावती फाडताना चाचरले. नाना म्हणाले, “लिहा हो. हिशेब दोन आहेत.” माईंनी ती पावती मागून घेतली आणि पोथ्यांखाली रिकाम्या झालेल्या जागी ठेवली.

नानांना आणखी एक प्रश्न पडला होता, आणि तो अस्सल लेखापरीक्षकी प्रश्न होता: आकडा कळल्याने बदलते काय? माहिती मिळविण्यासाठी झालेल्या खर्चाचे फलित कोठे दाखविले आहे? या प्रश्नाचा पाठपुरावा आम्ही पुढे बराच काळ केला आणि त्याचे उत्तर मिळाले ते असे, की काही वेळा काहीच बदलत नाही. बीजांडकोशाच्या कर्करोगात सीए-१२५ नावाचे द्रव्य रक्तात चढू लागले, की रोग परतण्याची वर्दी कित्येक महिने आधी मिळते. मग त्या वर्दीवरूनच औषध सुरू करावे, की त्रास जाणवेपर्यंत थांबावे? ५२९ स्त्रियांवर ही परीक्षा झाली आणि तिचा निकाल २०१० साली प्रसिद्ध झाला. आकड्यावरून उपचार घेणाऱ्यांना औषध जवळजवळ पाच महिने आधी मिळाले. आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढले नाही, आणि औषधाचा जाच तेवढा आधी सुरू झाला. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात रक्ताच्या साडेसात मिलिलीटरमध्ये पाच किंवा अधिक कर्कपेशी सापडल्या, तर पुढचा काळ कठीण, हे २००४ सालीच कळले होते. म्हणून ज्यांच्या रक्तातील त्या पेशी पहिल्या औषधाने हटल्या नाहीत, त्यांचे औषध लगेच बदलून पाहिले. २०१४ साली निकाल आला, तो आयुष्य वाढले नाही असाच. भाकीत खरे होते, पण त्याचा उपाय हाती नव्हता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रक्तात रोगाचे जनुकीय अंश फिरत आहेत की नाहीत, हे पाहून औषध द्यावे की न द्यावे हे ठरविले, तर काय होते? २०२२ साली याचा निकाल आला. नेहमीच्या पद्धतीने शंभरांत अठ्ठावीस जणांना जे जहाल औषध घ्यावे लागे, ते या पद्धतीने पंधरांनाच द्यावे लागले. आणि रोग परतण्याच्या बाबतीत तोटा झालेला दिसला नाही. रक्ताने येथे कोणाचे आयुष्य किती ते नुसते सांगितले नाही, तर कोणाला उगाच छळू नये हेही सांगितले. हा निकाल नानांना फार आवडला असता. उधळपट्टी थांबविणारा कोणताही कागद त्यांना आवडे. परंतु तो आमच्या वाचनात आला तेव्हा ते ऐकावयास उरले नव्हते.

तोवर मधे २०२१ चा एप्रिल-मे येऊन गेला होता. त्या दोन महिन्यांत दिल्लीत जे झाले ते येथे नव्याने सांगण्याची जरुरी नाही. आमच्या वसाहतीतूनही माणसे गेली. त्यांपैकी दोघे रोज पहाटे फिरावयास जाणारे होते. कोणत्याही तक्त्याने त्यांच्यापुढे वाईट आकडा मांडला नव्हता. त्यांच्या घरी सांत्वनाची पत्रे गेली ती नानांच्या हातची, कारण घराबाहेर पडण्याची त्यांना मनाई होती आणि फोनवर त्यांना बोलवेना. तिसऱ्या वर्गाच्या माणसाने वर्गच नसलेल्यांच्या घरी लिहिलेली ती पत्रे होती.

नाना २०२२ च्या श्रावणात गेले. निदानापासून चार वर्षे नऊ महिने झाले होते, सत्तावन्न महिने. रक्ताच्या एकोणतिसांच्या जवळजवळ दुप्पट, आणि सरकारच्या अठ्ठ्याण्णवांहून पुष्कळ कमी. दोन्ही तक्त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ते राहिले. माईंनी कम्यूटेशनच्या पैशांतून बंगळुरास मुलीच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या. त्या पैशांवाचून ते झाले नसते, हे त्या स्वतःच सांगतात. ग्रंथालयाच्या वहीत नानांच्या खात्यावर दोनशेंहून अधिक पुस्तकांची नोंद आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी शिलाँगला असेल, कोणी तिरुवनंतपुरमला. घरापासून दूर असताना असा एखादा कागद कधी ना कधी आपल्या किंवा आपल्या माणसाच्या हाती येण्याचा संभव आहे. तो आला, तर तीन गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात: हा आकडा कोणत्या सालचा, तो कोणत्या उपचारांवर असलेल्या लोकांचा, आणि तो कळल्याने आता काय वेगळे करावयाचे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर तो कागद घडी घालून ठेवण्यास हरकत नाही. काही करण्यासारखे असेल, तर ते त्याच आठवड्यात करावे: मृत्युपत्र, बँकेतील वारसाचे नाव, लांबच्या मुलीला एक फोन, भरावयाचा राहिलेला अर्ज. आकड्याचा उपयोग एवढाच आहे आणि तो थोडा नाही. अंदाजपत्रकात ‘प्रत्यक्ष’ असे शीर्षक असलेला एक रकाना असतो. तो वर्ष सरल्यावाचून भरता येत नाही, हे आपल्या सगळ्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकविलेले असते.